बप्पांनी पास केलेली वाइनची यादी

आमच्या घरात कुणाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नव्हती. बप्पा फक्त "बघू" म्हणायचे आणि विषय तिथंच मिटायचा. विहिरीवर नवी मोटर बसवायचीय, बघू. काकूला भावाकडं चार दिवस जायचंय, बघू. मायचा कान दुखतोय, अंबाजोगाईला दवाखान्यात दाखवायचाय, बघू. तो कान बघायचा राहिला तो राहिलाच. डाव्या बाजूला कुणी बोललं की माय आयुष्यभर मान वळवून ऐकत राहिली. लोकांना वाटायचं, बाई किती अदबीनं ऐकते.

बप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील मी शाळेत जायच्या आधीच गेले. तेव्हापासून मी आणि माय बप्पांच्या पदरात होतो, आणि ते पदर कधी झटकत नव्हते हेही खरं आहे. माजलगावच्या धरणाचं पाणी आमच्या शिवारात आल्यापासून घरचा सगळा ऊस होता आणि उसामागोमाग बप्पा कारखान्याचे संचालक झाले होते. गाळपाच्या दिवसांत घराला घड्याळ लागत नसे. कारखान्याचा भोंगा झाला की काकू चूल पेटवायची, दुसरा झाला की बप्पा कपडे करायचे. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे. प्रत्येकाचं गाणं वेगळं, त्यामुळं एकही धड ऐकू येत नसे. स्वयंपाकघरात येसराची आमटी रटरटत असायची, ज्वारीच्या भाकरी थापायचा आवाज यायचा, आणि काकू प्रत्येक भाकरीगणिक कुणाची ना कुणाची उणीदुणी काढायची. आज कुणी मला विचारलं की चांगल्या हॉटेलात कसलं संगीत असावं, तर मी तज्ज्ञासारखा चेहरा करून काहीतरी सांगते. खरं तर मला त्या भाकरीच्या आवाजापलीकडं काही आवडलेलं नाही.

माझं शिक्षण संपत आलं त्या वर्षी कारखान्याच्या संचालकांचा ऊस अभ्यासदौरा ब्राझीलला गेला. शेतकऱ्यांचं भलं व्हायचं असेल तर संचालकांनी समुद्र ओलांडलाच पाहिजे, असा तेव्हा सगळ्यांचा ठाम विश्वास होता. बप्पा गेले, आले. गावानं हार घातले आणि ब्राझीलच्या उसाविषयी काही सांगा म्हणून आग्रह केला. बप्पा माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तिकडं बी ऊस उभाच येतो." उसाचा अभ्यास एवढ्यावर संपला. बाकीचा अभ्यास जेवणाच्या टेबलावर झाला होता. तिथं म्हणे एक माणूस लांब सळईला मांसाचे तुकडे टोचून टेबलापाशी येतो आणि तुम्ही पुरे म्हणेपर्यंत कापून वाढत राहतो. बप्पांना ही गोष्ट फार भावली. आपल्याकडं पंगतीत वाढपी आग्रह करतो, पण त्याच्या हातात सुरी नसते.

धरणाच्या बॅकवॉटरला आमची एक पडीक जमीन होती. तिथं बप्पांनी स्टेक हाऊस काढायचं ठरवलं. महाराष्ट्रात, त्यात बीड जिल्ह्यात, गाईच्या मांसाशिवाय स्टेक कशाचा करायचा हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. पण बप्पांना प्रश्न विचारायची पद्धतही आमच्या घरात नव्हती. शेवटी धारूरच्या डोंगरातले बोकड ठरले. डोंगर चढून उतरून त्या बोकडांच्या मांड्या अशा कणखर झालेल्या असतात की आमच्याकडं लोक त्यांचा रस्सा करताना सकाळपासून चुलीवर ठेवतात. त्याच मांडीचा जाड तुकडा बप्पा तव्यावर दोन्ही बाजूंनी जरा शेकून पाहुण्यांसमोर ठेवणार होते. काचेच्या भिंती आल्या, औरंगाबादहून खुर्च्या आल्या, दारात खजुराचं एक झाड लावलं गेलं. ते आठ दिवसांत वाळलं, तर त्याला हिरवा रंग दिला.

आता माझ्याकडं येते. मी पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकले होते. बप्पांनी मला पुण्याला पाठवलं तेव्हा त्यांची समजूत अशी होती की तिथं पोरींना चांगला स्वयंपाक शिकवतात आणि वर सर्टिफिकेट देतात. मी ती समजूत दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, पण बप्पा "बघू" म्हणाले होते. शिक्षण संपलं आणि पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातून मला नोकरीचं बोलावणं आलं. एका ठरलेल्या सोमवारी हजर व्हायचं, नाही झालं तर जागा दुसऱ्याला. मी ते बोलावणं बप्पांना वाचून दाखवलं. बप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहेबांचा कार्यक्रम होऊ दे. मग बघू." साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. ते मान डोलावतील तोच कारखान्यावर निवडून यायचा. स्टेक हाऊसचं उद्घाटन त्यांच्या हस्ते, त्या सोमवारच्या आदल्या दिवशी ठरलं होतं. त्या रात्रीपासून मला झोप लागेना. मला पुण्याला जायचं होतं, आणि ते मला इतकं हवं होतं की उघड बोलायचीही भीती वाटत होती.

इतक्यात नाशिककडचा एक विक्रेता येऊन वाइनच्या नमुन्याच्या बाटल्या ठेवून गेला. बाटल्यांची एक इंग्रजी यादी होती आणि तिच्यावरून आपली यादी तयार करायची होती. बप्पांनी मला बोलावलं. घरात या विषयाचं शिकलेली मी एकटीच, म्हणून यादी मी पास करायची. क्षणभर मला माझ्या शिक्षणाचं चीज झाल्यासारखं वाटलं. पण ओसरीत गेले तर तिथं अजून दोघं बसलेले. एक गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. आसपासच्या गावांतल्या सगळ्या लग्नपत्रिकांचा मजकूर त्यांच्याच हातचा. दुसरे खलीलभाई, बाजारात त्यांची छापखान्याची दोन खोल्यांची जागा. गुरुजींचा मजकूर छापणारे ते. आमच्याकडं नावांची यादी छापायची म्हणजे या दोघांना बोलवायचं, हे इतकं ठरलेलं होतं की वाइनची यादी ही काही वेगळी चीज आहे असं बप्पांच्या मनातही आलं नाही. नावं होती, छापायची होती, मग ती कोणत्या क्रमानं छापायची हाच तर सगळा प्रश्न. आमच्या तालुक्यात पत्रिकेत नाव खाली-वर झालं म्हणून भाऊ भावाच्या दारात पाय ठेवत नाही.

बाटल्या सतरंजीवर मांडल्या होत्या, मुलगी बघायच्या कार्यक्रमात पाहुणे भिंतीशी बसतात तशा. गुरुजींनी पहिली बाटली उचलली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे कुठले?"

"फ्रान्सची आहे," मी म्हणाले.

"मग पाव्हण्यात घ्या," बप्पा म्हणाले. "पाव्हण्याचा मान पहिला."

"गावाचं नाव लावलंय का?" गुरुजींनी लेबल उजेडात धरलं. मी म्हणाले, लावलंय, तिकडं गावाच्या नावानंच ओळखतात. बप्पा खूश झाले. "बघा. एवढा फ्रान्स देश, पर गाव इसरले न्हाईत. घराणं चांगलं दिसतंय."

मग गुरुजींचं बोट सालावर आलं. हे सन कशाचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, द्राक्षं ज्या वर्षी तोडली ते साल. गुरुजींनी मान डोलावली. "म्हणजे जन्मसाल. मग वयानं थोरला त्याचं नाव वर." मी समजावायला गेले की बप्पा, वाइनची यादी जेवणाच्या क्रमानं लावतात, आधी पांढरी, मग लाल, आधी सौम्य, मग जड. बप्पांनी माझ्याकडं फार करुणेनं पाहिलं. "आगं, म्हंजे परवा जन्मलेलं पोर वर आन थोरला माणूस खाली? लोक काय म्हणतील? आमाला पत्रिका छापता येत न्हाई म्हणतील." पुण्याच्या आमच्या सरांनी दोन वर्षं जे शिकवलं होतं, ते बप्पांनी एका वाक्यात निकालात काढलं.

यादी पास करायची तर चव घ्यायला हवी, एवढं मात्र मी लावून धरलं. स्टीलचे पेले आले. मी प्रत्येकात घोटभर ओतलं, पेला फिरवून दाखवला, वास घेऊन दाखवला, आणि सांगितलं की तोंडात घोळवून मग बाजूच्या बादलीत थुंकायचं, कारण सगळं गिळत बसलं तर पुढच्या बाटलीची चव कळत नाही. "थुंकायचं हाय तर तोंडात घ्यायचं कावून?" बप्पांनी विचारलं. मी म्हणाले, जगभर असंच करतात. "ब्राझीलमधी कुणी थुंकलं न्हाई," असं म्हणून बप्पांनी काढा घेतात तसा डोळे मिटून पेला एका दमात रिकामा केला. गुरुजींनी वास घेतला आणि प्रकृतीचं कारण सांगून पेला बप्पांकडं सरकवला. बप्पांनी तोही पास केला. खलीलभाई दूर खांबाला टेकून चहा पीत बसले होते. बप्पा त्यांच्याकडं बघून नुसते हसले, तेव्हा ते म्हणाले, "आपलं चवीशी काय देनंघेनं न्हाई बप्पा. आपलं काम अक्षराचं. नाव सांगा, मी जुळवतो." आतून काकू आली, एका पेल्याचा वास घेऊन म्हणाली, "चिंचेचं सार नासलं की असाच वास येतो," आणि निघून गेली. माझ्या सगळ्या नोकरीत मी त्या वाइनचं याहून अचूक वर्णन कुठं वाचलेलं नाही.

शेवटी फेसाळणारी बाटली उघडली. बूच छताला जाऊन आदळलं, गुरुजी डोक्यावर हात घेऊन आडवे झाले. बप्पा म्हणाले, "ह्याला तरुण मंडळात घ्या. लई उसळतंय." अशी एकेक नावं बसत गेली. पाहुणे वर, मग वयानं थोरले, मग नाशिकचे म्हणजे आपल्यातले, मग तरुण मंडळ. मी एकदा विचारलं, "बप्पा, यात तुमचं नाव कुठं?" मी थट्टेनं विचारलं होतं. बप्पा मात्र गंभीर झाले. "घरच्या मोठ्याचं नाव सगळ्यात खाली असतंय बाई. आपला नम्र म्हणून. जो बोलवतो, तो खाली ऱ्हातो. वरचा मान पाव्हण्याचा." ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता. त्यांच्या सगळ्या वागण्यात मला मनापासून आवडलेली ही एक गोष्ट होती. बाकी ते माणूस म्हणून इतके खाली कधी राहिले नाहीत.

सगळे गेल्यावर मी परत पुण्याचा विषय काढला. बप्पा प्रसन्न होते, पाच-सहा पेल्यांचा परिणाम असावा. म्हणाले, "तू हुशार हायस. पुण्याला जाऊन दुसऱ्याची ताटं उचलण्यापरीस हितं आपल्या हॉटेलात मॅनेजर हो. तवर स्थळ बघतो." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून, "पुण्याचं बी बघू." माय दारात उभी होती. तिच्या डाव्या बाजूला हे बोलणं झालं. तिनं मान वळवली, पण तिला ऐकू आलं का नाही ते मला तेव्हा कळलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी खलीलभाई यादीचे गठ्ठे घेऊन आले. मी एक प्रत उघडली. छापखान्यात लग्नसराईचे उरलेले कागद होते, त्याच गुलाबी जाड कागदावर, पानाफुलांच्या चौकटीत, सोनेरी शाईत यादी छापली होती. वर मधोमध ॥ श्री ॥. त्याखाली ठळक अक्षरांत "प्रमुख उपस्थिती" आणि साहेबांचं पूर्ण नाव. मग "मान्यवर" म्हणून फ्रान्सच्या बाटल्या, एकाखाली एक, प्रत्येकीपुढं गाव आणि जन्मसाल. सगळ्यात खाली "आपला नम्र" म्हणून बप्पा. मी खलीलभाईंना विचारलं, हे काय केलंत. ते निरागसपणे म्हणाले, "बप्पा म्हटले चांगल्या कागदावर छापा. ह्याच्यापेक्षा चांगला कागद आपल्याकडं न्हाई ताई. हा पुढाऱ्याच्या पोरीच्या लग्नाला वापरतो." मला हसावं का रडावं कळेना, तर मी जाऊन टेबलं पुसत बसले.

साहेब संध्याकाळी आले, ते धारूरहून. तिथं त्यांनी महिलांच्या दारूबंदी मेळाव्यात भाषण केलं होतं आणि भाषण इतकं रंगलं होतं की बायकांनी त्यांना ओवाळलं होतं, कपाळावर कुंकू अजून ओलं होतं. मेळाव्याची बातमी करायला आलेला वार्ताहर त्यांच्याच गाडीतून, त्यांच्या शेजारी बसून आला. साहेबांचं मत होतं की वाइन ही दारू नव्हे, शेतमाल आहे. पण हे मत ते मुंबईत मांडायचे, धारूरला नाही, आणि वार्ताहरासमोर तर मुळीच नाही. हे बप्पांना ठाऊक असायला हवं होतं. पण बप्पा त्या दिवशी यजमान होते, आणि यजमान फक्त मानपानाचा विचार करतो.

फीत कापली, नारळ फुटला, शाल-फेटा झाला. मग बप्पांनी दोन्ही हातांनी, किंचित वाकून, यादी साहेबांच्या हाती दिली. साहेबांनी आमच्याकडं पत्रिका घेतात तशी ती घेतली, म्हणजे आधी कपाळाला लावली. मग उघडली. पत्रिका उघडल्यावर पुढारी सगळ्यात आधी काय बघतो, हे सांगायची गरज नाही. नाव सापडलं, तेही सगळ्यात वर, सोनेरी. साहेबांचा चेहरा फुलला. त्याच वेळी वार्ताहरानं फोटो काढला. मग साहेबांची नजर खाली सरकली आणि मान्यवरांवर येऊन थांबली. मी चार हात अंतरावर उभी होते. त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाखालून घाम सुटताना मला दिसला. त्यांनी यादी पटकन मिटली, पण वार्ताहर जवळ आला होता. "साहेब, कशाची पत्रिका म्हणायची ही?"

साहेबांनी बप्पांकडं पाहिलं. त्या नजरेत बप्पांची पुढची सगळी निवडणूक होती. बप्पा आयुष्यात कधी अडखळले नव्हते. ते म्हणाले, "आमच्या मंगलची. लग्न हाय पोरीचं. घरच्या लग्नाला येता तसं यायचं साहेब."

मंगल म्हणजे मी. माझं लग्न ठरल्याचं मला असं, काचेच्या भिंतींच्या हॉटेलात, रंगवलेल्या खजुराशेजारी कळलं. ओवाळायचं ताट घेऊन उभ्या असलेल्या काकूनं ताट खाली ठेवलं. खलीलभाई पाठीमागं उभे होते, त्यांनी न बोलता टेबलांवरच्या सगळ्या याद्या गोळा करून सदऱ्याखाली घातल्या. साहेबांनी यादी कोटाच्या आतल्या खिशात टाकली, सुटकेचा श्वास घेतला आणि मोठ्या प्रेमानं माझ्याकडं वळले. "वा. मुलगा काय करतो गं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. बप्पाही. त्यांच्या डोळ्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं आर्जव पाहिलं. मी नाही म्हणाले असते तर बप्पा उघडे पडले असते आणि त्यांच्याबरोबर साहेबही. आणि मी नुसती हो म्हणाले असते तर त्या न झालेल्या नवऱ्याच्या जागी कोणीतरी खरा आणून उभा करायला बप्पांना फार दिवस लागले नसते. मी म्हणाले, "पुण्याला असतात. आणि मलाही तिथं नोकरी लागलीय साहेब. उद्या सोमवारी हजर व्हायचंय. बप्पा म्हणाले, आधी स्वतःच्या पायावर उभी राहा, मग लग्न. म्हणून तारीख टाकलेली नाही पत्रिकेत."

वार्ताहराची वही बाहेर आली. साहेबांना दुसरा कसलाही विषय चालला असता, फक्त त्यांच्या खिशातला नको होता. त्यांनी बप्पांच्या खांद्यावर हात टाकला आणि तिथल्या तिथं भाषण सुरू केलं. म्हणाले, अशी माणसं आपल्या भागात हायत म्हणून हा भाग पुढं जातोय. भावाची पोरगी, बापाविना वाढवली, शिकवली, आता एकटीला पुण्याला पाठवतायत, लग्नाची घाई न करता. "हे लिहून घ्या," ते वार्ताहराला म्हणाले. "बप्पांसारखं काळीज पाहिजे." टाळ्या झाल्या. बप्पांनी हात जोडले. दुसरं काही करायला त्यांना जागाच नव्हती. एवढ्या लोकांसमोर, वार्ताहराच्या वहीसमोर, साहेबांच्या तोंडून निघालेल्या स्तुतीला "बघू" म्हणता येत नाही.

मग स्टेक आला. साहेबांनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि हळूच विचारलं, "हे झालंय का?" बप्पांनी काकूकडं पाहिलं. काकूनं सकाळीच, बप्पांवर विश्वास न ठेवता, घरी पातेलंभर रस्सा करून ठेवला होता. गाडी गेली, रस्सा आला, भाकरी आल्या, आणि साहेबांनी काचेच्या हॉटेलात मांडी घालून दोन भाकरी कुस्करून खाल्ल्या. मान्यवर मंडळी त्या संध्याकाळी उघडलीच नाहीत. ते हॉटेल पुढं बरीच वर्षं चाललं. पाटीवर शेवटपर्यंत स्टेक हाऊसच होतं, पण लोक तिथं काकूच्या रस्स्यासाठी यायचे. स्टेक एवढ्यापुरताच की कुणी मागितला तर संपलाय असं सांगायचं.

रात्री घरी आलो. जेवताना काकूनं न राहवून विचारलं, "खरंच ठरलंय का? मुलगा कोन हाय?" बप्पांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "बघू." मी आणि काकू एकमेकींकडं बघून इतक्या हसलो की बप्पा पानावरून उठून गेले. सकाळी मायनं माझ्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. मी तिला विचारलं, तुला माझ्यावर राग आला का. ती म्हणाली, "साहेब बोलत हुते तवा मी मुद्दाम उजवा कान तिकडं करून उभी हुते. सगळं ऐकलं. जा तू." बप्पा स्वतः गाडीनं मला स्टँडवर सोडायला आले. वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर होतं. फोटोत साहेब पत्रिका उघडून हसत होते आणि खाली बप्पांच्या काळजाबद्दल चार ओळी होत्या. एसटी सुटायच्या आधी बप्पा खिडकीशी आले आणि म्हणाले, "नीट ऱ्हा. पेपरात आलंय आता."

तो न झालेला नवरा पुढं फार मोठा झाला. फोटो बघून लोक आहेर घेऊन यायला लागले, तर बप्पांना त्याला परदेशी पाठवावं लागलं. आधी दुबईला, मग अजून लांब. कुणी फारच खोदून विचारलं तर त्याच्या आईचं आजारपण काढायचे. मी लग्न केलं नाही. त्याला कारणं वेगळी आहेत आणि ती या प्रकरणात येत नाहीत. पण मी सुट्टीला आले की बाजारात बायका मला विचारायच्या, ते कधी येणार, आणि मी म्हणायचे, बघू.

आता माझे केस पिकले आहेत आणि माझं काम हॉटेलांच्या वाइनच्या याद्या तपासणं हे आहे. परवा मुंबईत एका उंच इमारतीतल्या स्टेक हाऊसची यादी मी पास केली. तिथला तरुण मालक ओक, बेरी आणि ओल्या मातीचे वास मला एका दमात सांगत होता. मी त्याला म्हणाले, यातल्या एकीचा वास नासलेल्या चिंचेच्या सारासारखा आहे. तो फार प्रभावित झाला आणि ते यादीत छापू का विचारलं. मी त्याच्याकडून एक वेगळीच गोष्ट छापून घेतली. त्याला तिचा अर्थ कळला नाही, पण जाणत्या माणसानं सांगितलं म्हणून त्यानं ऐकलं.

यादीची एक प्रत घेऊन मी गावी गेले. माय आता नाही, काकूही नाही. बप्पा आहेत, खाटेवर असतात, माणसं ओळखतात पण काळ ओळखत नाहीत. मी यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आधी कपाळाला लावली. मग उघडून, चष्म्यातून डोळे बारीक करून बघत राहिले.

"निघाली का शेवटी पत्रिका?" ते म्हणाले. "जावई आले परदेशातून?"

"आले बप्पा."

त्यांचं बोट वरून खाली सरकत गेलं. फ्रान्स, मग इटली, मग नाशिक. त्यांनी क्रमाबद्दल काही म्हटलं नाही. मला वाटतं, आता वयानं थोरला वर असण्याचं त्यांना तेवढं महत्त्व राहिलं नव्हतं. बोट सगळ्यात खाली येऊन थांबलं. तिथं इंग्रजी मजकुराखाली मराठीत दोनच शब्द होते, आपला नम्र, आणि त्यापुढं बप्पांचं नाव.

"आमचं नाव खाली कावून?" त्यांनी विचारलं. आवाजात तीच जुनी संचालकाची कुरकुर होती.

मी त्यांच्याजवळ सरकले. "तुम्हीच सांगितलं होतं बप्पा. जो बोलवतो, तो खाली राहतो. मला पुण्याला तुम्हीच पाठवलं ना. पेपरात आलं होतं."

बप्पांनी यादी नीट मिटली, उशाखाली ठेवली आणि वरून हात फिरवला.

"हां," ते म्हणाले. "मग बराबर हाय. छापा."